विसाराआधी मोजणी

कोकणातल्या जुन्या घराचा व्यवहार बहुतेक वेळा असा होतो. दिवाळीनंतर किंवा आंब्याच्या दिवसांत मुंबई-पुण्याहून माणूस घर बघायला येतो. कौलारू घर, पुढे खळं, मागे परसू, गडग्याच्या आत चार-सहा कलमं, कडेला विहीर. मध्यस्थ हात लांब करून सांगतो, "त्या फणसापासून खालच्या व्हाळापर्यंत सगळं ह्यांचंच." सातबाऱ्यावर पंधरा गुंठे दिसतात, ग्रामपंचायतीत घरपट्टी भरल्याची पावती दिसते. भाव ठरतो, विसार दिला जातो, वकील जुन्या दस्तांचा शोध घेतात आणि दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदलं जातं. मग पहिल्या पावसात माजघर गळतं. कुंपणाला खांब रोवायला घेतले की शेजारी येऊन सांगतो की फणस आमचा आहे, आजोबांनी लावलेला.

एवढ्या सगळ्या धावपळीत जागा कोणी मोजलेली नसते आणि घर कोणी तपासलेलं नसतं. ही दोन्ही कामं खरेदीनंतर सवडीनं करायची, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. माझं आग्रहाचं म्हणणं असं की ती विसार देण्याच्या आधी व्हायला हवीत. त्यामागचं कारण सरळ आहे. व्यवहार ठरेपर्यंत हद्दीचा वाद मिटवण्याची, बहिणींच्या सह्या आणण्याची, वाटेचा प्रश्न सोडवण्याची गरज विकणाऱ्याला असते. खरेदीखतावर सही झाली की तीच सगळी ओझी घेणाऱ्याच्या डोक्यावर येतात, आणि तो गावात नवखा असतो.

सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेलं असताना पुन्हा मोजणी कशाला, असं लोक विचारतात. त्याचं उत्तर या नोंदी मुळात कशासाठी झाल्या त्यात आहे. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३० च्या दशकात इंदापूर भागात जमीन मोजण्याची आणि सारा बसवण्याची जी पद्धत घातली, ती १८४७ च्या संयुक्त अहवालानं पक्की झाली. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. शेतांची टिपणं त्या काळाच्या मानानं फार काळजीपूर्वक झाली आणि आजही हद्दीचा वाद आला की भूमी अभिलेख कार्यालयातून तीच बाहेर काढली जातात. पण हेतू शेतसाऱ्याचा होता. गावठाणातल्या घरांवर शेतसारा नव्हता, म्हणून गावठाणाची बाहेरची हद्द तेवढी मोजली गेली. आतली घरं, बोळ, अंगणं, सामाईक भिंती नकाशावर आल्याच नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या राहत्या असलेल्या कित्येक घरांना स्वतःचा नकाशा नाही, याचं मूळ इथं आहे.

पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आली. तिच्या कलम १२६ खाली मोठ्या गावांच्या गावठाणांची मोजणी झाली आणि तिथल्या घरांना मिळकत पत्रिका मिळाल्या. लहान गावं राहिली ती राहिलीच. मग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोननं गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारनं देशभरासाठी स्वामित्व योजना जाहीर केली. आता ज्या गावांत ड्रोनची उड्डाणं आणि त्यामागून हक्कांची चौकशी पूर्ण झाली आहे, तिथल्या गावठाणातल्या घराला मिळकत पत्रिका आणि सनद मिळते. घेत असलेलं घर गावठाणात असेल तर पहिला प्रश्न हा विचारावा. पत्रिका निघाली असेल तर ती मागावी, निघाली नसेल तर चौकशी कुठवर आली ते कार्यालयात जाऊन पाहावं.

ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ पुढे करून "हा घराचा उतारा" असं सांगितलं जातं. ती घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही आहे. घर कोणाच्या ताब्यात आहे आणि त्यावर कर किती बसतो एवढं तिच्यावरून कळतं. मालकी तिच्यानं सिद्ध होत नाही, आणि तिच्यात लिहिलेली लांबी-रुंदी कोणी जाऊन मोजलेली असेलच असं नाही.

कोकणात आणखी एक पेच आहे. देशावर घरं गावठाणात दाटीनं असतात. कोकणात वाड्या विखुरलेल्या, घर आपापल्या आवाठात, म्हणजे पुष्कळदा सातबाऱ्याच्याच जमिनीवर. त्यात खोतीचा इतिहास. १९४९ च्या कायद्यानं खोती गेली, कुळकायद्यानं कुळांना जमिनी मिळाल्या, पण घर एकाचं आणि घराखालची जागा दुसऱ्याच्या नावावर, असे गुंते अजून सापडतात. घराखालचा सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर नेमका कोणता, हे घरमालकालाही ठाऊक नसतं. मागचा मांगर वेगळ्याच हिश्शात निघतो. अशा वेळी "घर आणि सभोवतालची जागा" एवढंच लिहिलेलं जुनं खरेदीखत फारसं कामाला येत नाही. जागा शेतीची असेल तर घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो, कुळवहिवाट अधिनियमाचं कलम ६३ आडवं येतं. तेव्हा घर बिनशेती जागेवर आहे, गावठाणात आहे की शेतजमिनीवर, हे आधी कळलंच पाहिजे.

मोबाइलवर गाव नकाशा उघडून त्यावर उपग्रहाचं चित्र ठेवायचं आणि हद्द पाहायची, अशी सवय अलीकडे लागली आहे. ढोबळ अंदाजाला ती ठीक. पण जुन्या गाव नकाशांचं एक नेहमीचं प्रमाण एका इंचाला वीस साखळ्या, म्हणजे ६६० फूट, असं आहे. त्या नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर जवळजवळ आठ मीटर होतो. अर्ध्या मिलिमीटरची रेघ घेतली तर तिच्या जाडीतच चार मीटर जागा गेली. घराची पडवी, पागोळ्यांची जागा आणि न्हाणीघर एवढ्या चार मीटरांत मावतं. घराच्या हद्दीचा निकाल अशा नकाशावर लागू शकत नाही. तो टिपण आणि फाळणीवरूनच लागतो, आणि त्यासाठी भूकरमापकाला जागेवर यावं लागतं.

मोजणीसाठी तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करायचा असतो. आता तो ऑनलाइनही होतो. अर्ज ज्याचं नाव नोंदीला आहे त्यानं करायचा. घेणाऱ्याला तो हक्क अजून नसतो, म्हणून बोलणी चालू असतानाच विकणाऱ्याला सांगावं : हद्द कायम मोजणीचा अर्ज तुम्ही करा, फी मी भरतो. घाईची मोजणी हवी असेल तर फी जास्त पडते. सर्व्हे नंबराचा काही भागच विकत घ्यायचा असेल तर पोटहिस्सा मोजणी लागते आणि तिला इतर सहधारकांची संमती लागते. ही संमती मिळवताना कुटुंबातले अबोले आणि जुने राग आपोआप उघडे पडतात. घेणाऱ्यानं ते आधी पाहिलेलं बरं.

मोजणीच्या दिवशी काय होतं ते जवळून पाहण्यासारखं असतं. लगतधारकांना आधी नोटिसा गेलेल्या असतात. भूकरमापक टिपणाची नक्कल घेऊन येतो. पूर्वी फळी आणि साखळी असायची, आता रोव्हर असतो. सर्व्हे ऑफ इंडियानं उभारलेल्या स्थिर केंद्रांकडून मिळणाऱ्या दुरुस्तीच्या आधारे तो उपग्रहांवरून काही सेंटिमीटरपर्यंत जागा ठरवतो. पण यंत्र कितीही अचूक असलं तरी ते आज जागेवर काय आहे तेवढंच सांगतं. नोंदीतली हद्द कुठं येते हे काढायला जुन्या खुणा सापडाव्या लागतात : तीन शेतांच्या बांधांचा एक ठिकाणी मिळणारा कोपरा, सर्व्हेचा गाडलेला दगड, न हललेला व्हाळ. म्हणून भूकरमापक आपल्या घरापासून बराच लांब, कोणाच्या तरी भातखाचरात जाऊन मोजायला लागतो. पाहणाऱ्याला वाटतं हा वाट चुकला. तो आधार शोधत असतो.

आधी वहिवाट मोजली जाते, म्हणजे आज प्रत्यक्ष जिथपर्यंत ताबा आहे ती गडग्याची, कुंपणाची रेघ. मग टिपणावरून नोंदीची हद्द बसवली जाते. दोन्ही एकमेकींवर ठेवल्या की कुठं गडगा दोन हात आत आलेला असतो, कुठं शेजाऱ्याची शौचालयाची टाकी आपल्या बाजूला असते, कुठं आपलीच पडवी बाहेर गेलेली असते. लगतधारक हरकत घेतात, जबाब लिहिले जातात, चुन्यानं किंवा खुंट्या मारून खुणा दाखवल्या जातात. या खुणांवर त्याच वेळी, सगळे उभे असताना, दगड गाडून घ्यावेत. चुना पहिल्या सरीत वाहून जातो आणि खुंटी कोणीही उपटतो.

यानंतर जो नकाशा मिळतो त्याला 'क' प्रत म्हणतात. तिच्यात नोंदीची हद्द आणि वहिवाटीची हद्द वेगवेगळ्या रेघांनी काढलेली असते आणि अतिक्रमण असेल तर त्याचं क्षेत्रही लिहिलेलं असतं. समजा सातबाऱ्यावर ०.१५.२० असं क्षेत्र आहे. म्हणजे १५ आर २० चौरस मीटर, एकूण १५२० चौरस मीटर, जवळजवळ पंधरा गुंठेच. 'क' प्रतीत ताब्यातली जागा १३०० चौरस मीटर निघाली, तर दोन गुंठ्यांहून थोडी जास्त जमीन कागदावर आहे आणि हातात नाही. तिच्यासाठी पैसे मोजायचे का, हा प्रश्न आता आकड्यांत विचारता येतो. उलट ताबा जास्त निघाला तरी हुरळून जाऊ नये. ती जास्तीची जागा दुसऱ्या कोणाची तरी आहे. शेजाऱ्याचा ताबा बारा वर्षांहून जुना आणि उघड असेल तर प्रतिकूल कब्जाचा मुद्दा कोर्टात उभा राहू शकतो, म्हणून जुनी अतिक्रमणं नव्यापेक्षा जास्त गंभीर धरावीत. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते आणि त्यावर सुपर निमताना. वर्षं त्यातच जातात. ती विकणाऱ्याची जावीत.

नावांचा विषय वकिलांचा, मी थोडक्यात सांगतो. कोकणातल्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं असणं नवलाचं नाही. त्यांतली निम्मी माणसं मुंबईत, काही हयात नाहीत, बहिणींची नावं लावलेलीच नाहीत. २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं मुलांइतकाच हक्क आला आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये तो आणखी स्पष्ट केला. एकाच भावाकडून त्याचा अविभक्त हिस्सा घेतला तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे बाहेरच्या माणसाला एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात सामाईक ताबा मागता येत नाही. शिवाय १८९३ चा वाटप कायदा कुटुंबातल्या इतरांना तो हिस्सा परत विकत घेण्याची संधी देतो. म्हणजे पैसे देऊनही ओटीवर बसता येत नाही. फेरफार एकामागून एक मागे नेत वाचावेत, सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना ओळ न ओळ वाचावा. कुळाची नोंद, बँकेचा बोजा, विहिरीतला वाटा, जाण्यायेण्याचा हक्क, सगळं तिथं लिहिलेलं असतं.

वाट आणि विहीर या दोन गोष्टींवर मात्र थांबायला हवं, कारण घर घेणारे लोक इथं फार फसतात. गाडी दारापर्यंत आली म्हणजे रस्ता आहे, असं धरलं जातं. ती वाट कोणाच्या तरी मळ्यातून, केवळ त्याच्या भलेपणावर चालू असते. गाव नकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं दाखवतात आणि त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. पायमार्ग एकेरी तुटक रेषेनं दाखवतात, त्याची रुंदी सव्वाआठ फूट. आपली वाट यांपैकी कशात येते ते पाहावं. कशातच येत नसेल तर ज्याच्या जमिनीतून ती जाते त्याच्याकडून नोंदवलेला लेखी हक्क विकणाऱ्यानं आणून द्यावा. पाखाडीनं उतरून जायचं घर असेल तर पुढे चिरे, सिमेंट, फ्रिज सगळं डोक्यावरून जाणार, हाही हिशेब धरावा.

विहीर दिवाळीत भरलेलीच असते. ती मे महिन्याच्या अखेरीस पाहावी. तेव्हा पाणी किती हात उरतं, उपसल्यावर किती वेळात परत चढतं, खाडीजवळ असेल तर चवीला मचूळ लागतं का, आणि उन्हाळ्यात तिच्यावर किती घरं पाणी भरतात, हे शेजारच्या बायका जितकं खरं सांगतील तितकं कोणी सांगणार नाही. विहीर मोजणीत आपल्या हद्दीत येते की सामाईक आहे, हे 'क' प्रतीवर दिसलं पाहिजे.

आता घर. कोकणातलं जुनं घर म्हणजे जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, बहुधा मातीत किंवा चुन्यात रचलेल्या, उंच जोतं, वर लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा आणि त्यावर कौलं. हे घर पावसाशी कसं वागतं ते समजलं की त्याचं दुखणं कुठं असेल हे बरंचसं ओळखता येतं. चिरा सच्छिद्र असतो. तो पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. भिंत मातीची किंवा चुन्याची असेल तर ती श्वास घेते. लांब पागोळ्या भिंतीवर धार येऊ देत नाहीत, उंच जोतं खालचं पाणी लांब ठेवतं. या रचनेत एक जरी गोष्ट बिघडवली तर ओल वाढते. खळ्यात भर घातली, समोरच्या रस्त्यावर थरावर थर चढले, की जोतं बुटकं होतं. बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला की त्याला पडणाऱ्या बारीक भेगांतून पाणी आत शिरतं आणि त्या कवचामुळे बाहेर पडत नाही. मग भिंत आतून भिजत राहते, मातीचे सांधे सैल होतात, गुडघाभर उंचीवर पांढरा खार फुटतो. विकायला काढलेलं घर नुकतंच रंगवलेलं असतं. अशा भिंतीवर तळहात सपाट ठेवावा, मग चिऱ्याच्या सांध्यावर बोटाच्या पेरानं टकटक करावी. गिलावा पोकळ वाजतो तिथं तो भिंतीपासून सुटलेला असतो.

भिंत कललेली आहे का, हे डोळ्यांना कळत नाही. गवंड्याकडून ओळंबा मागून घ्यावा. भिंतीच्या माथ्याशी बाहेरच्या बाजूनं आडवी पट्टी धरून दोरा भिंतीपासून थोडा लांब सोडायचा, गोळा स्थिर होऊ द्यायचा आणि वर, मध्ये, खाली दोरा आणि भिंत यांच्यातलं अंतर मोजायचं. वर तीन बोटं आणि खाली पाच बोटं निघाली तर भिंतीचा माथा बाहेर झुकला आहे. त्याचं कारण बहुधा छपरात सापडतं. उतरत्या छपराचे वासे खालच्या टोकाला भिंतींना बाहेर ढकलत असतात आणि आडव्या तुळया त्या दोन्ही बाजूंना धरून ठेवतात. कोणी माजघर उंच आणि मोकळं दिसावं म्हणून माळा काढला, तुळया कापल्या, की ही पकड जाते. पुढच्या काही पावसाळ्यांत भिंत हळूहळू बाहेर जाते. आजकाल जुन्या घरांना हॉटेलासारखं रूप देण्याची हौस आहे, तिच्यात हे वारंवार घडतं आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. शंभर वर्षं उभं राहिलेलं घर एका सुताराच्या करवतीनं अधू होतं.

भेग दिसली की घाबरू नये, ती वाचावी. कडा गोलावलेल्या, आत धूळ, कोळ्याचं जाळं, जुन्या रंगाचे थर शिरलेले असतील तर ती जुनी आहे आणि बहुधा थांबलेली आहे. कडा धारदार, आतला चिरा ताजा तांबडा दिसत असेल तर ती चालू आहे. वर रुंद आणि खाली बारीक होत जाणारी भेग कोपरा खचल्याचं किंवा भिंत बाहेर ढकलली जात असल्याचं सांगते. शंका असेल तर भेगेवर काचेची बारीक पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून त्यावर तारीख लिहून ठेवावी. काही महिन्यांत काच तडकली तर भिंत हलते आहे. विसाराची घाई नसेल तर एवढा वेळ मिळतो.

लाकूड तपासायला स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडी पुरे. साग, फणस, ऐन, किंजळ यांची जुनी तुळई मधल्या भागात लोखंडासारखी असते. कुजते ती टोकाला, जिथं ती भिंतीत घुसलेली असते, कारण तिथं ओल पोचते आणि वारा पोचत नाही. म्हणून तुळईच्या टोकाशी स्क्रू ड्रायव्हर दाबून पाहावा. सहज आत गेला तर आतलं लाकूड संपलं. दोन पाखं मिळतात त्या पन्हळीखालचे वासे असेच बघावेत, गळती तिथं पहिली होते. भिंतीवरून चढणारी मातीची नळी म्हणजे वाळवी. ती फोडून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधली गेली का ते पाहावं. वाशाखाली पिठासारखी भुकटी दिसली तर ती भुंग्याची. खालची जमीन झाडून घ्यायची आणि सकाळी पाहायचं. ताजी भुकटी पडली असेल तर किडा जिवंत आहे. बाहेर लांब उभं राहून आढ्याची रेघ पाहावी. ती मध्ये बसलेली दिसली तर कौलं बदलून भागणार नाही, सांगाडाच उतरवावा लागेल. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि दापोली-मंडणगड भागातली असंख्य छपरं उडाली. त्यानंतर घाईघाईनं बसवलेले पत्रे आणि नवे वासे नीट बांधलेत का, हे त्या पट्ट्यात मुद्दाम पाहण्यासारखं आहे.

जुन्या घराला मागाहून जोडलेला स्लॅब हा सगळ्यात संशयास्पद भाग. किनाऱ्याजवळ तो पुष्कळदा खाडीच्या वाळूत झालेला असतो. तिच्यातलं मीठ सळया गंजवतं, गंज फुगतो आणि काँक्रीटचे पापुद्रे खाली पडतात. छताला सळईच्या रेषेत तांबूस डाग किंवा फुगवटे दिसले तर तो भाग पाडावा लागणार असं धरूनच भाव करावा. वायरिंग लाकडी पट्टीवरचं असेल तर नवं करावं लागेल, आणि अर्थिंग आहे का हे वायरमनकडून तपासून घ्यावं.

एवढं सगळं पाहूनही घर एकदा आषाढात पाहावंच. डोंगर कापून खळं काढलेलं असेल तर मागच्या उभ्या कापातून पाणी कुठून झिरपतं, ते घराखाली जातं की चरातून बाहेर, हे तेव्हाच दिसतं. उतारावरची वाकलेली झाडं, जमिनीला पडलेल्या लांब भेगा, अचानक गढूळ झालेला झरा, ही धोक्याची लक्षणं आहेत. माळीण २०१४, तळीये २०२१, इरशाळवाडी २०२३, या तिन्ही दरडी जुलै महिन्यातल्या. नदीकाठी घर असेल तर जलसंपदा विभागाच्या पूररेषा पाहाव्यात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. समुद्राजवळ असेल तर किनारा नियमन क्षेत्राचा (सीआरझेड) नकाशा पाहिल्याशिवाय दुरुस्तीचे बेत करू नयेत.

देशावर आणि मराठवाड्यात घराचं दुखणं वेगळं. तिथं दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती आणि माळवद. भिंत बाहेरून भक्कम दिसते, पण तिचे आतला आणि बाहेरचा असे दोन पडदे असतात आणि मध्ये माती-खडीची भर. दोन्ही पडदे आरपार जाणाऱ्या दगडांनी बांधलेले नसतील तर भिंत पोट काढते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात अशाच भिंती फुटल्या आणि वरच्या मातीच्या जड माळवदाखाली माणसं गाडली गेली. पावसाळा आला की माळवदावर मातीचा आणखी एक थर टाकायची रीत होती, त्यानं वजन वाढतच जायचं. अशा घरात भिंतीचा फुगवटा आणि माळवदाची जाडी आधी मोजावी. गोव्यात जुनं घर घेताना कागद वेगळे : फॉर्म एक व चौदाचा उतारा, मुंडकाराचा हक्क, आणि तिथल्या नागरी कायद्यामुळे नवरा-बायको दोघांच्याही सह्या.

हे काम कोणाला सांगावं? गावातला वयस्क गवंडी आणि सुतार यांना त्या मातीची, त्या लाकडाची नस ठाऊक असते. त्यांना दिवसाची मजुरी देऊन घरात फिरवावं. पण त्यांच्यासोबत मध्यस्थाच्या ओळखीचा नसलेला स्ट्रक्चरल इंजिनिअरही न्यावा आणि त्याच्याकडून लेखी अहवाल घ्यावा, कारण भाव कमी करताना कागद लागतो. अहवालात काय मोडलं आहे, काय तातडीचं आहे, काय थांबू शकतं आणि दुरुस्तीला ढोबळ खर्च किती, हे वेगवेगळं लिहून मागावं. मोजणीची फी, इंजिनिअर, वकील यांचा खर्च कित्येकांना डोईजड वाटतो. घराच्या किमतीशी तो ताडून पाहिला तर तसा वाटणार नाही.

विकणारा अगदीच घाईला आला असेल आणि काहीतरी रक्कम द्यावीच लागत असेल, तर थोडी रक्कम देऊन नोंदणीकृत साठेखत करावं. त्यात स्पष्ट लिहावं की हद्द कायम मोजणी विकणारा करून देईल, किंमत 'क' प्रतीवर ताब्यात निघालेल्या क्षेत्राप्रमाणे ठरेल, सगळे सहहिस्सेदार खरेदीखतावर सह्या करतील, वाटेचा हक्क नोंदवून मिळेल, आणि यातलं काही झालं नाही तर रक्कम परत मिळेल. खरेदीखताला 'क' प्रत जोडावी आणि चतुःसीमेत "पूर्वेस अमक्याची जमीन" एवढ्यावर न थांबता प्रत्येक बाजूची लांबी मीटरमध्ये लिहावी. मोजणीचा अर्ज करायला विकणारा काही केल्या तयार होत नसेल, दर वेळी नवं कारण सांगत असेल, तर कारणं शोधत बसू नये. ते घर सोडून द्यावं. कोकणात कुलूप लावलेली घरं गावागावांत आहेत, आणि त्यांतल्या काहींचे मालक मोजणीला स्वतःहून उभे राहतील.